एक दिवस कमी

१ मे, शुक्रवार

विश्रांतीच्या एका दिवसाची खरी किंमत आज काढली. पैशात नाही, पैशात कुणीही काढेल. सामानात काढली. बारा गिऱ्हाइकं, आमची दोन माणसं, दोन खेचरवाले आणि पाच खेचरं डोंगरावर एक दिवस एका जागी नुसती बसून राहिली तर अठ्ठेचाळीस जेवणं, बत्तीस अंडी (म्हणजे खालून चाळीस, कारण आठ खेचराच्या पाठीवरच फुटतात), एक अख्खी गॅसची टाकी आणि पंचवीस किलो चारा. हे वाहायला सहावं खेचर. ते सहावं खेचरही खातं, हे धंद्यात नव्याने आलेल्याला कळत नाही. शिवाय संडासाच्या तंबूसाठी नवा खड्डा, आणि संध्याकाळपर्यंत कुठल्या तरी दोन गिऱ्हाइकांचं भांडण.

हे सगळं कशासाठी, तर अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून.

"बाबा, सवयीला वेळच लागतो. ती पोत्यात भरून नेता येत नाही," असं आमच्या कन्यारत्नाचं म्हणणं. सहा वर्षं गट घेऊन शिखराखालच्या तळापर्यंत, म्हणजे बेस कॅम्पपर्यंत, जाते. गिऱ्हाइकं तिचं नाव काढतात, माझं कुणी काढत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण समोरच्या रस्त्यावरच्या त्या उपटसुंभाने पाटी लावली आहे, 'आठ दिवसांत तळ'. आमचे नऊ. लोक बोटावर मोजतात, आठ म्हणतात आणि तिकडे शिरतात. मी काचेतून बघत बसतो.

म्हणून सौदा ठरला. मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून जायचं. मधला बसून राहायचा दिवस काढून टाकायचा. एकोणसाठ वर्षांचा माणूस आठ दिवसांत तळ गाठून परत आला, तर माहितीपत्रकासाठी छापखान्यात 'आठ' जाईल. नाही आला तर 'नऊ'. ती म्हणाली, "आठ छापलंत तर पुढच्या गटाला दुसरा लीडर शोधा. मी जाणार नाही." बापावर गेली आहे. आवाज न चढवता बोलते.

माझी एक अट. मी मालक आहे हे कुणाला कळता कामा नये. मालक समोर असला की लोक गोड बोलतात, आणि गोड बोलण्याचा धंद्याला उपयोग नाही. तिला आणि आचाऱ्याला बजावलं, काहीही झालं, मी स्वतः सांगितलं तरी ओळख द्यायची नाही. सगळ्यांसारखं 'काका' म्हणायचं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावर आलात की जिन्यात थांबून नोटीस वाचल्यासारखं करता. तिथे नोटीस नाही, विजेचा मीटर आहे." मग बॅगेत मोजे भरायला लागली.

३ मे, रविवार. रस्ता संपतो ते गाव

दहा तास बस. माझ्या मते सात तासांचा रस्ता. ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये टाकायच्या जागी तिसऱ्यात ओढत होता, आणि मी खिडकीशी बसून दात आवळत होतो. बावीस वर्षं मी हीच बस चालवली. आधी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर, मग एका गाडीचा मालक, आणि मग लक्षात आलं की ही पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं डोंगरात जाऊन जे करतात त्यात गाडीपेक्षा जास्त धंदा आहे. त्या बावीस वर्षांत कान तयार झाला. इंजिनाच्या आवाजातून मागच्या बाकावर कोण कुणावर रुसलंय ते ऐकू यायचं. बेअरिंग जाणार असेल तर आठवडाभर आधी कळायचं. माणसाचंही तसंच आहे. तंबूच्या कापडाआडून नुसता श्वास ऐकून मी सांगतो, गाडी घाट चढेल की नाही.

संध्याकाळी सामानाचं वजन. नियम नऊ किलोचा.

"काका, तुमची पिशवी बारा किलोची आहे," कन्या म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"तीन किलोनी काय होतं?"

"खेचराला विचारा."

बाकीची अकराजणं बघत होती. घडीची खुर्ची काढली, दुसरा जोडा काढला, खाऊचा डबा काढला. हा नियम मीच केलेला आहे. केला तेव्हा तो इतका आगाऊ वाटला नव्हता.

तंबूत माझा जोडीदार एक दातांचा डॉक्टर. चाळिशीचा, गोल, बोलका. तीन वर्षं दवाखाना बंद ठेवायची हिंमत होत नव्हती म्हणाला, यंदा पाटी उलटी करून आला. तळ बघायचाच आहे त्याला. कसं दिसतं, किती बर्फ, सूर्य कुठून उगवतो, सगळं मला विचारतो. झोपण्याआधी त्याने माझे दात बघितले. मी सांगितलं नव्हतं.

४ मे, सोमवार. पहिला मुक्काम, साडेनऊ हजार फूट

पाच तास चाल. पाय उत्तम. दम थोडा, पण तो डॉक्टरच्या बडबडीला उत्तरं दिल्यामुळे. बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, त्या पुढे निघून गेल्या. वर थांबून म्हणाल्या, "या काका, सावकाश या." मी त्यांचा काका.

जेवणाच्या तंबूत कन्येने विचारलं, "डोकं कुणाचं दुखतंय?" सगळे गप्प. हे असंच असतं. चारचौघांत विचारलं की कुणाचंच दुखत नाही, कारण दुखतंय म्हटलं की खाली पाठवतील ही भीती. म्हणून जुन्या काळी मी दुसरी युक्ती काढली होती. आचाऱ्याने ताटं बघायची. उंचीवर ज्याला त्रास व्हायला लागतो त्याचं अन्न आधी सुटतं, डोकं नंतर दुखतं. ज्याच्या ताटात उरलं त्याचं नाव लीडरच्या कानावर. तोंड खोटं बोलतं, ताट बोलत नाही. आजही आचारी ताटं गोळा करताना प्रत्येकात डोकावतो, बघून बरं वाटलं. माझं ताट लख्ख.

बँकेतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आधी आला आहात का हो इकडे?"

"तळावर अकरा वेळा गेलोय," मी म्हणालो.

सगळ्या माना वळल्या. डॉक्टरने चमचा खाली ठेवला. आचारी तेवढ्यात जोरात खोकला. थंडीत त्याला होतो तसा.

"मग बाराव्यांदा कशाला?" बाई.

"लोक उगाच दिवस घालवतात. किती लवकर होतं ते बघायला."

बाई म्हणाल्या, "लवकर जाऊन काय करणार आहात?" बँकेत असताना काउंटरवर लोक त्यांना का घाबरत असतील ते कळलं.

५ मे, मंगळवार. दुसरा मुक्काम, साडेअकरा हजार

हाच तो मुक्काम. एरवी इथे गट दोन रात्री काढतो, मधला अख्खा दिवस लोक दगडांवर पाय पसरून बसतात आणि एकमेकांना घरच्या मांजरांचे फोटो दाखवतात. आम्ही उद्याच निघणार. कन्या आल्यापासून आभाळाकडे बघते आहे, आभाळात काही नाही. मला विचारलं, "काका, कसं वाटतंय?"

"झकास. का?"

"सगळ्यांनाच विचारते."

डोकं जरा जड आहे. ही नवी लोकरीची टोपी घट्ट आहे, हिने घेतली. घेताना माझं डोकं मोजलं नाही.

दुपारी तंबूत आडवा पडलो होतो. बाहेर दोन बहिणी बोलत होत्या, थोरली शिक्षिका, धाकटीचं कपड्यांचं दुकान. त्यांना वाटलं मी झोपलोय. माझे कान झोपत नाहीत.

"माहितीपत्रकात नऊ दिवस होते ना गं?"

"होते. ऐन वेळी एक कमी केला. मालकाने वाचवला असेल."

"मालक कधी आलाय का इथे?"

"तो कशाला येतो. बसला असेल खाली पंख्याखाली पोट मोजत."

पोट मोजत. एवढं ऐकून घेतलं. बाहेर जाऊन काही म्हणायची सोय नाही, अट माझीच. चेन उघडायला गेलो तर ती कापडात अडकली. या तंबूंच्या चेना कुणी निवडल्या? मीच. दहा मिनिटं झटापट. शेवटी डॉक्टरने बाहेरून एका बोटाने उघडली.

सकाळी लिहितोय. रात्री झोप नाही. डॉक्टर घोरतो म्हणून. सकाळी तो म्हणाला, "काका, तुम्ही झोपेत मधेच श्वास थांबवता, मग एकदम मोठा घेता. मी जागाच होतो." म्हणजे घोरत कोण होतं? याचा खुलासा त्याला करता आला नाही.

६ मे, बुधवार. तिसरा मुक्काम, साडेतेरा हजार

आजच्या दिवसात बरी अशी एक गोष्ट घडलेली नाही.

वाट वाकडी केली आहे. पूर्वी अशी नव्हती. दोनदा पाय बाजूला पडला. खेचरवाला माझ्यामागून चालत होता, तो पुढे का चालत नाही म्हणून विचारलं तर नुसता हसला. हसायला काय झालं? बाई सगळ्यांच्या पुढे. त्या बाईंच्या पायात बँकेने काय घातलं होतं कुणास ठाऊक.

मुक्कामाची जागा अगदीच भिकार. एक बारका झरा, चार दगड, वारा तिन्ही बाजूंनी. असल्या जागी तंबू टाकायची अक्कल कुणाची? खाली गेल्यावर विचारणार आहे.

चहाला रॉकेलचा वास. सगळ्यांनी प्यायला, कुणाला वास आला नाही. लोकांना जिभा राहिल्या नाहीत. जेवायला उकडलेले बटाटे, भात आणि अंडं. मला भूक आहे, नाही असं नाही, पण ते बटाटे बघवत नव्हते. आचारी आज ताटं गोळा करायला येणार हे मला माहीत. त्याची विद्या माझीच. तीन बटाटे जाकिटाच्या खिशात घातले, अंडं डॉक्टरच्या ताटात सरकवलं, भात पसरून चमच्याने दाबला. ताट बऱ्यापैकी रिकामं दिसलं. आचाऱ्याने ताट उचललं, माझ्या खिशाकडे बघितलं, आणि पुढच्या ताटाकडे वळला. खिसा ओला झाला होता.

"डोकं कुणाचं दुखतंय?" रोजचा प्रश्न. या वेळी थोरल्या बहिणीने हात वर केला. कन्येने तिला पाणी दिलं, गोळी दिली, मऊ बोलली. मग माझ्याकडे बघून, "काका, तुमचं?"

"माझं कशाला दुखेल?"

तिने बोटाला तो रक्तातला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. आकडा बघितला आणि पुसून परत लावला. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय, बोट गार आहे. ती म्हणाली, "असेल." वहीत लिहून घेतलं.

नंतर स्वयंपाकाच्या तंबूमागून तिचं आणि आचाऱ्याचं बोलणं ऐकू आलं.

"एकाला उद्या खाली पाठवावंच लागेल," ती. "ऐकणार नाही. सांगायचं कसं?"

"तुम्ही सांगा ताई. मी इतकी वर्षं सांगतोय, माझं कुठे ऐकतो तो," आचारी.

म्हणजे डॉक्टर. मला तेव्हाच वाटलं होतं. गोल माणूस, बोलण्यात दम घालवतो. बिचारा, तीन वर्षांनी आला. त्याला हळूच तयार करावं म्हणून तंबूत त्याला म्हणालो, "काही वेळा खाली जाण्यातही शहाणपण असतं."

"अगदी बरोबर बोललात काका," तो म्हणाला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. इतका समजूतदार माणूस असेल असं वाटलं नव्हतं.

टोपी काढली तरी घट्ट आहे.

६ मे, बुधवार

सकाळ. आज तळ. बूट लहान झालेत थंडीने. डावा जास्त. तंबू मोजले तेरा, सहाच असायला हवेत. कुणी जास्तीचे आणले, खेचर कुठे. आज तळ. पेन नीट चालत नाही. चेन. आज तळ.

९ मे, शनिवार. रस्ता संपतो ते गाव

वरचं पान वाचलं. तारीख चुकली आहे, ती सात होती, गुरुवार. अक्षर माझं असावं, ओळखीचं वाटतं. बूट उलटे घातले होते म्हणे.

त्या सकाळी काय झालं ते थोडं मला आठवतं, थोडं डॉक्टरने सांगितलं. दोन्ही जुळवून लिहितो, कारण हे लिहून ठेवलं नाही तर महिन्याभरात मी त्यातून स्वतःला सोडवून घेईन, मला मी माहीत आहे.

सगळे निघायच्या तयारीत होते. कन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही आज वर येत नाही. तुम्ही खाली जाताय."

मी म्हणालो, "खाली डॉक्टर जाणार आहे."

"डॉक्टर तुमच्याबरोबर जातोय. त्याने स्वतः विचारलं. या दगडापासून त्या दगडापर्यंत सरळ चालून दाखवा. टाचेला अंगठा लावून."

एवढंच ना? लहान मूल करेल. मी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि बँकेतल्या बाईंच्या अंगावर गेलो. त्यांनी मला पोत्यासारखा धरला आणि उभा केला. सगळ्या गटासमोर.

मग माझा तोल गेला, दुसरा तोल. मी म्हणालो, "मला खाली पाठवणारी तू कोण? ही कंपनी माझी आहे. हे तंबू माझे आहेत. ती खेचरं माझ्या जोरावर खातात. मी मालक आहे इथला."

कुणी चकित झालं नाही. थोरली बहीण "अरे देवा" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. धाकटीने माझ्या खांद्यावर शाल टाकली. डॉक्टर हलक्या आवाजात कन्येला म्हणाला, "भ्रम सुरू झालाय. आता अर्धा तासही थांबू नका."

"भ्रम कसला? हिला विचारा. ही माझी पोरगी आहे."

बाई म्हणाल्या, "हो हो काका, पोरीसारखीच आहे ती."

मी आचाऱ्याकडे वळलो. अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस, पहिल्या बसमध्ये स्टोव्ह घेऊन माझ्या शेजारी बसलेला. "अरे, सांग यांना मी कोण आहे."

तो पातेल्यात बघत राहिला. मग म्हणाला, "काका आहेत."

अट. काहीही झालं, मी स्वतः सांगितलं तरी ओळख द्यायची नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या माणसांनी माझं शब्दशः ऐकलं.

कन्येने माझे बूट काढून बरोबर पायांत घातले, नाड्या बांधल्या. बांधताना वर बघितलं नाही. दुसरी गाठ तिने तीनदा बांधली, दोनदा सुटली. मग खेचरवाल्याला म्हणाली, "दुसऱ्या मुक्कामावर थांबायचं नाही, बरं वाटलं तरी. थेट पहिल्याला." आणि गटाकडे वळली.

खेचरावर बसून मी म्हणत होतो म्हणे, ती का येत नाही, तिला बोलवा. डॉक्टर म्हणाला, "तिच्याकडे दहा माणसं आहेत वर. ती एकासाठी दहांना सोडून येईल का?" मी बराच वेळ भांडत होतो. मग उलटी झाली आणि भांडण थांबलं. दुसऱ्या मुक्कामापर्यंत डोकं मोकळं व्हायला लागलं, पहिल्याला पोचलो तर मी चहा मागितला. चहाला रॉकेलचा वास नव्हता. तिथेच एक रात्र काढून काल इथे उतरलो. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तपासलं आणि विचारलं, "एवढ्या घाईत वर कुणी नेलं तुम्हाला?" मी म्हणालो, "कंपनीचा कार्यक्रम होता."

मला नीट दिसायला लागल्यावर पहिली गोष्ट ही दिसली की डॉक्टर इथे आहे. म्हणजे तळावर नाही.

"तुमचा तळ गेला," मी म्हणालो.

"तो कुठे जातोय," तो म्हणाला. पण कॅमेरा पिशवीतून काढला, काच पुसली आणि परत आत ठेवला.

आज दुपारी तो वही घेऊन माझ्याकडे आला. "काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, रोज लिहिता. माझं अक्षर मला कळत नाही. एक पत्र लिहून द्याल? या कंपनीच्या मालकाला."

काय करणार? लिहायला बसलो. तो सांगत होता, मी उतरवत होतो. मधला दिवस कमी करणाऱ्याला माणसाच्या शरीराची काडीइतकी माहिती नसावी, लिहा. त्याने स्वतः एकदा तरी हा कार्यक्रम करून बघावा, लिहा. लीडर बाई नसत्या तर आमच्या गटातले एक वयस्क गृहस्थ आज जिवंत नसते, लिहा.

मी थांबलो.

"काय झालं?" तो म्हणाला. "जिवंत वर एक अनुस्वार आहे ना?"

"आहे," म्हणालो, आणि दिला.

"कडक झालंय का?"

"एक वाक्य अजून घाला," मी म्हणालो. "अशा मालकाने पंख्याखाली पोट मोजत बसू नये."

तो खूश झाला. "तुम्हाला येतं काका लिहायला. आणि गंमत बघा, परवा तुम्ही स्वतःलाच मालक म्हणत होता."

"डोकं ठिकाणावर नव्हतं," मी म्हणालो. या आठवड्यात बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

१० मे, रविवार

गट दुपारी उतरला. मी ओट्यावर उभा राहून मोजलं. दहा गिऱ्हाइकं, बरोबर दहा. बाई पुढे.

मी गेल्यावर कन्येने गटाला त्या भिकार जागेवर एक दिवस बसवून ठेवलं होतं. मालकाला न विचारता. एका दिवसाचा जास्तीचा शिधाही निघतानाच बांधून घेतला होता, तोही न विचारता. थोरल्या बहिणीचं डोकं दुखायचं संध्याकाळपर्यंत थांबलं, दुसऱ्या दिवशी दहाही जण तळावर पोचले आणि ताटं रिकामी करून आले. मांजरांचे फोटोही बघून झाले असतील.

सगळे सामान सोडत असताना ती माझ्याकडे आली. आसपास माणसं होती.

"काका, कसं वाटतंय आता?"

"तू त्या दिवशी नाड्या फार घट्ट बांधल्यास. खेचरावर पाय बधिर झाले."

"सैल बांधल्या असत्या तर उतरून पळाला असतात."

मग म्हणाली, "त्या चिमट्यावर अडुसष्ट आला होता. दोनदा लावला. दोन्ही वेळा अडुसष्ट."

"किती हवा?"

"तुम्हीच केलेल्या नियमात, पंचाहत्तरच्या खाली गेला की माणूस त्याच क्षणी खाली." तिने आवाज आणखी खाली आणला. "त्याच क्षणी. मी रात्रभर थांबले. अंधारात खेचर घसरेल म्हणून, असं मी वहीत लिहिलंय. खरं म्हणजे मला तुम्हाला सगळ्यांसमोर सांगवत नव्हतं. दुसरं कुणी असतं तर मी संध्याकाळीच खाली काढलं असतं. ती चूक माझी आहे, ती तुमच्या हिशेबात धरू नका."

माझ्या सगळ्या युक्त्या लोकांनी लाजू नये म्हणून होत्या. ती लाजली, मीही लाजलो, आणि त्या लाजण्यात एक रात्र गेली. म्हणालो, "छापखान्यात नऊ कळवतो."

"दहा," ती म्हणाली.

"दहा? अगं, त्या समोरच्याच्या पाटीवर आठ आहेत."

"असू देत. दोन मुक्कामांवर एकेक दिवस. नाहीतर मी नाही."

"सातवं खेचर लागेल."

"लागू दे."

१२ मे, मंगळवार. कार्यालय

डॉक्टरचं पत्र टपालाने आलं. माझ्याच अक्षरात. उत्तर टाइप करून घेतलं, नाहीतर ओळखेल. पुढच्या वर्षी तळापर्यंत नेण्याची जबाबदारी आमची, असं लिहिलं. सही कन्येला करायला लावली.

हिने विचारलं, "टोपी झाली का उपयोगी?" चांगली होती म्हणालो.

समोरच्या पाटीखाली सकाळपासून चार माणसं शिरली. चौघांचेही आवाज ऐकू आले, दोघे धापा टाकत होते. जाऊन सांगावंसं वाटलं. गेलो नाही, माझं तिथे कोण ऐकणार.

दुपारी माहितीपत्रकाचं कच्चं पान आलं. आम्ही तिघे टेबलाशी वाचत बसलो, मी, कन्या आणि आचारी. 'दहा दिवस' ठळक छापलंय. खाली नेहमीची ओळ, 'संस्थापक स्वतः अकरा वेळा तळावर जाऊन आलेले आहेत.'

आचारी खोकला. कार्यालयात थंडी नव्हती.

"बोल एकदाचं," मी म्हणालो.

"मालक, तुम्ही यायचात तेव्हा तळ खालच्या झऱ्यापाशी होता. तुम्ही यायचे बंद झालात, त्यानंतर दोन वर्षांनी फोनवर सांगितलंत, लोकांना बर्फ जवळून बघायचा असतो, तळ वर हलव. मी हलवला." त्याने पानावरच्या नकाशावर बोट ठेवलं. "जुना तळ हा. आता आपण याला तिसरा मुक्काम म्हणतो."

कन्या खिडकीबाहेर बघत होती. तिला माहीत होतं.

मी पेन घेतलं आणि ती ओळ काढली. ज्या तळावर मी अकरा वेळा गेलो तो साडेतेरा हजार फुटांवर होता. आताचा तळ साडेपंधरा हजारांवर आहे. तिथे मी एकदाही गेलेलो नाही.